एकलहऱ्याची संध्याकाळ आणि जपानी विरहगीतं

नाशिकला जायचं म्हणजे रामकुंड, काळाराम, जमलं तर त्र्यंबकेश्वर, आणि परतताना पिशवीत द्राक्षं नाहीतर चिवडा. एकलहऱ्याला मुद्दाम कोण जाणार? मुंबईहून भुसावळकडे जाताना नाशिकरोड मागे पडलं की खिडकीतून उंच धुराडी दिसतात, कुणीतरी मुलांना 'ते बघ वीजकेंद्र' म्हणून दाखवतं आणि गाडी पुढे निघून जाते. आम्ही मात्र दिवाळीच्या सुट्टीत चांगले आठ दिवस तिथे राहून आलो. आमच्या वन्सं तिथल्या वसाहतीत राहतात.

गाव गोदावरीकाठचं. केंद्राला पाणी गोदावरीचं, कोळसा मात्र दुरून रेल्वेच्या वाघिणींतून येतो. भावोजींनी सगळं समजावून सांगितलं. कोळसा आधी तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक दळायचा, तो जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर मिनिटाला ३००० फेरे घेणारं चाक फिरवायचं. आपल्या कुकरच्या शिट्टीचीच ही थोरली बहीण म्हणायची! मागे उरते राख. ती सिमेंटला आणि विटांना उपयोगी पडते. इथले पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले होते, ते आता बंद झालेत. त्यानंतरचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले.

पण मला धुराड्यांपेक्षा वसाहतच जास्त आवडली. इथल्या बायकांना महाराष्ट्राचा नकाशा वीजकेंद्रांवरून पाठ! कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, पारस, भुसावळ. 'आम्ही परळीला असताना', 'धाकट्याच्या वेळी आम्ही कोराडीला' अशीच बोलण्याची सुरुवात. तुळशीचं रोप शेजारणीला द्यायचं, दारावरचं तोरण तेवढं सोबत न्यायचं. मोठी माणसं याला सरावतात. मुलांचं काय, हे कुणी फारसं विचारत नाही.

आमची भाची अकरावीत आहे. पहिल्याच संध्याकाळी वन्संनी मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं, "अगं, तू शाळेत शिकवतेस, मुलींचं तुला कळतं. ही रोज नऊ वाजता गच्चीवर जाते, कानात ते घालून रडकी गाणी ऐकते. आणि तीसुद्धा जपानी! काही भानगड तर नसेल ना?"

मी भाचीबरोबर गच्चीवर गेले. समोर धुराडी, त्यांवरचे तांबडे दिवे. तिने एक गोळी माझ्या कानात घातली. "मामी, ऐक."

गाणाऱ्या मंडळींचं नाव बॅक नंबर. नाव ऐकून मला हसूच आलं, कारण बॅक नंबर म्हणजे मासिकाचा मागचा अंक. झालं होतं असं, की गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या इयोरी शिमिझूला त्याची मैत्रीण सोडून गेली, तीही दुसऱ्या एका वाद्यवृंदातल्या मुलाकडे. मग आपण तिच्या लेखी रद्दीत गेलेला जुना अंक, असं म्हणून त्याने २००४ साली काढलेल्या वाद्यवृंदाला हेच नाव दिलं. (मी मात्र पाककृतींचे मागचे अंक दोरीने बांधून जपून ठेवते, हे त्याला कुणीतरी कळवायला हवं.) ही तिघं जपानमधल्या गुनमा प्रांतातली. २०११ साली मोठ्या कंपनीतर्फे त्यांचं पहिलं गाणं आलं. त्याच्या नावाचा अर्थ पाकळी.

गिटार असूनही कर्कश वाटलं नाही. शब्द कळत नव्हते, पण गळ्यात आवंढा आल्यासारखा तो आवाज कळत होता. २०१६ सालच्या गाण्याचं नाव 'हॅपी एंड', म्हणजे गोड शेवट, आणि आत सगळा निरोप. गाणारा पुरुष, पण बोलणारी बाई. जाणाऱ्याला ती हसून सांगते की मी ठीक आहे. ती ठीक नाही, हे ऐकणाऱ्या सगळ्यांना कळतं. भाचीला नवल वाटत होतं, की पुरुषाला हे कसं सुचलं? मी म्हटलं, अगं, आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी विरहिण्या लिहिल्या त्या कुणाच्या तोंडून? रानात शीळ ऐकून बावरलेल्या मुलीचं गाणं मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांनी लिहिलं आणि गायलं जी. एन. जोशींनी. दोघेही पुरुष! मराठी भावगीताची सुरुवातच जणू तिथून झाली. आणि आमच्या आईच्या कपाटात अरुण दात्यांची कॅसेट होती. भातुकलीतल्या राजाराणीच्या ताटातुटीचं पाडगावकरांचं गाणं लागलं, की तिचं विळीवरचं चिरणं थांबायचं. शब्द पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, पण ते क्षणभर थांबणं आईचं होतं. त्याचं कारण आम्ही तिला कधी विचारलं नाही. लग्न झालेल्या बाईने विरहाचं गाणं ऐकलं तर त्यात कुणाचं काय जातं? घरकाम उरकता उरकता दोन मिनिटं आपलीच म्हणून मिळतात.

भाचीचं सगळ्यात आवडतं गाणं वेगळंच निघालं. त्याच्या नावाचा अर्थ क्षितिजरेषा, समुद्रावर दिसते तशी. गंमत म्हणजे गुनमाला समुद्रच नाही. २०२० साली तिथे शाळकरी खेळाडूंच्या देशभराच्या स्पर्धा व्हायच्या होत्या, त्या कोरोनामुळे रद्द झाल्या. वर्षानुवर्षं सराव केलेल्या मुलांनी आपलं दुःख या मंडळींना कळवलं आणि त्यांच्यासाठी हे गाणं झालं. प्रियकर नाही, प्रेयसी नाही, तरी हृदय मोडलेलंच. मला वाटतं, मोठ्यांनी 'एवढं काय त्यात' म्हणून झटकलेल्या दुःखासाठी गाणं लिहिणारा माणूस आपल्या मुलींना आवडला तर काळजीचं कारण नाही.

"तुझं कोण गेलं गं?" मी विचारलं.

ती बराच वेळ बोललीच नाही. मग कळलं, की शेजारच्या बिल्डिंगमधली मैत्रीण गेली. पहिलीपासून एका बाकावरची. जूनमध्ये तिच्या वडिलांची चंद्रपूरला बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला त्या दिवशी हिची प्रवेशाची धावपळ होती, नीट भेटही झाली नाही. आता दोघी आपापल्या गच्चीवरून नऊ वाजता एकच गाणं लावतात. तिकडेही समोर धुराडीच.

खाली येऊन मी वन्संना सांगितलं, भाचीला विचारूनच. त्या मेथी निवडत होत्या. आधी त्यांचा जीव भांड्यात पडला, मग त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पारसहून निघाले तेव्हा माझीही एक होती. पत्र पाठवीन म्हणाली होती." मेथीची जुडी संपली. भाची पाणी प्यायला आत आली, तशा म्हणाल्या, "अगं, तिच्या बाबांची परत इकडे बदली होईल की."

"कधी? बारावी झाल्यावर?"

वन्संनी उत्तर दिलं नाही. "ते गाणं जरा मोठ्याने लाव," म्हणाल्या, "मलाही ऐकू दे."