टोपी, टिळा आणि चामड्याचे बूट



चेंबूरच्या एका कॉलेजने 2024 साली हिजाब, टोपी, बिल्ले चालणार नाहीत असा नियम काढला. नऊ मुली उच्च न्यायालयात गेल्या. जूनमध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली, मात्र वर्गात चेहरा झाकणारा बुरखा नको म्हटलं. टिळा लावून येणाऱ्यालाही अडवाल का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं.

आमच्या भिशीत यावरून जुंपली. "नियम म्हणजे नियम. पटत नसेल तर दुसरं कॉलेज बघावं," एक वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, आपली पोरं दर्शन करून गंध लावूनच शाळेत जातात. आणि माझ्या नातवाला चामड्याचे बूट सक्तीचे होते, तेव्हा सूनबाईने अर्ज करून रेक्झिनचे मागून घेतले. तेव्हा आपण दुसरी शाळा शोधली का?"

"बूट कुणाला दिसतात?" वहिनी म्हणाल्या.

गणवेश मलाही हवा. श्रीमंती-गरिबी झाकली जाते. पण कर्नाटकच्या हिजाब खटल्यात 2022 साली दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, त्यातल्या न्या. धुलियांनी मुलींचं शिक्षण आधी धरलं, ते मला पटतं. वर्ष हुकलं की मुलाला दुसरं कॉलेज शोधतात, मुलीला स्थळ. माझं लग्न बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला झालं. सासऱ्यांनी परीक्षेला पाठवलं, म्हणून पदवी मिळाली.