नाव आहे, बिल नाही

आंबिया बहाराचा तोड सुरू झाला की पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या संत्रा व्यापाऱ्यांचे संगणक रात्री उशिरापर्यंत चालू असतात. बगीच्याचा इसार, तोडाईची मजुरी, कॅरेट, ट्रकभाडं, सगळा हिशेब त्यातच. या दुकानांचे संगणक मी सांभाळतो. लाईन गेल्यावर मला येणारे फोन बहुतेक सारखेच असतात, पण पांढुर्ण्याच्या एका दुकानातला फोन वेगळा होता. संगणक सुरू होत होता, हिशेबाचा प्रोग्रामही उघडत होता. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, यादीत नाव हाये, पन आत बिलच नाही."

जाऊन पाहिलं. यादीत संध्याकाळचे बिल क्रमांक ओळीनं होते. बिलांची मूळ फाइल उघडली तर तिचा आकार बरोबर, मात्र शेवटच्या भागात नुसती शून्यं. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे लाईन जाताच संगणक बंद पडला होता. डिस्क नागपूरला पाठवून बिलं काढून आणू, असं मालकांच्या मनात होतं. पण जे डिस्कवर कधी उतरलंच नाही, ते कुणी काढून देऊ शकत नाही.

'सेव्ह' केलं की मजकूर आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत थांबतो, तिथून डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये जातो, आणि तबकडीवर त्यानंतर. डिस्क आपल्या सोयीनं क्रम बदलते. जवळची जागा आधी, लांबची मागून. एरवी त्यात काही बिघडत नाही. मुनीमजींना मी एवढंच म्हटलं, की आधी रोजकीर्द, मग खतावणी. इथं खतावणी झाली आणि रोजकीर्द कोरी राहिली. त्यांना लगेच कळलं. हा क्रम राखण्यासाठीच ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला फ्लशचा हुकूम देते: आतापर्यंतचं सगळं तबकडीवर उतरव, मग पुढचं घे.

तो हुकूम या संगणकात बंद होता. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' या पानावर दोन चौकटी असतात. पहिली राइट कॅशिंग चालू करते. ती असायला हरकत नाही. दुसरी बफर फ्लशिंग बंद करते. डिस्कला वेगळा वीजपुरवठा असल्याशिवाय हिला हात लावू नका, असा इशारा तिच्या खालीच छापलेला असतो. वेग वाढावा म्हणून कुणीतरी तिथं टिक करून ठेवली होती.

या वेगाचा मला मनापासून राग येतो. त्या दुकानातली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. फ्लशला त्यातल्या काही फेऱ्यांचा वेळ लागतो. हातानं बिल भरणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही, आणि तेवढा वेळ वाचवण्यासाठी शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब टांगणीला लावायचा! लिनक्सच्या एक्स्ट३ फाइल सिस्टिममध्येही फ्लशचं हे संरक्षण मूळ कर्नलात बराच काळ आपोआप चालू नसायचं, तेही वेगापायीच. एक्स्ट४ मध्ये ते चालू करून दिलं गेलं.

दुसऱ्या चौकटीतली टिक मी काढली, यूपीएसची बॅटरी बदलायला लावली. कच्च्या चिठ्ठ्या मुनीमजींनी फेकल्या नव्हत्या, म्हणून ती बिलं पुन्हा भरता आली.

तुमच्या दुकानात विंडोजचा संगणक असेल तर पुढच्या हंगामाआधी ते पान एकदा उघडा. दुसऱ्या चौकटीत टिक दिसली तर काढून टाका.