कोणत्या सालचं इंजिन?

पाचोडला रेल्वे नाही. बीड रस्त्यावरून ट्रक जातात, हंगामात मोसंबीने भरलेले टेम्पो जातात, पण रूळ पाहायचा तर संभाजीनगर नाहीतर जालना गाठावं लागतं. दोन्हीकडे पन्नासेक किलोमीटर. अशा गावातला मी माणूस, आणि माझी उभी नोकरी डिझेल इंजिनाखाली गेली. 1981 साली पुण्याच्या डिझेल शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो, पुढे फिटर झालो, 2018 साली रिटायर होऊन गावी परतलो. आता ओसरीवर लाकडी टेबल आहे, त्यावर व्हर्नियर कॅलिपर, चिमटा, भिंग आणि एक टेबललॅम्प. पुण्या-मुंबईकडची पोरं आपण केलेली इंजिनांची मॉडेलं माझ्याकडे तपासायला पाठवतात. कधी कुरिअरने येतात, कधी कुणी पुण्याहून येणारा हातात घेऊन येतो.

गेल्या दिवाळीनंतर असंच एक खोकं आलं. आत डब्ल्यूडीएम-2. नवं मॉडेल, अजून विक्रीला न आलेलं, पहिला नमुना. करणारा मुलगा इंजिनिअर आहे, थ्री-डी प्रिंटरवर सांगाडा काढतो आणि हाताने रंगवतो. सोबत चिठ्ठी होती, "काका, यातल्या चुका काढा. एकही सोडू नका."

मी खोकं उघडलं, इंजिन टेबलावर ठेवलं आणि त्याला फोन लावला. पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या सालचं केलंस?"

तो जरा गडबडला. म्हणाला, "डब्ल्यूडीएम-2 आहे, काका."

"ते दिसतंय. साल कोणतं? नंबर कोणता? शेड कोणतं?"

हाच प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि याच प्रश्नावर बहुतेक मॉडेलं अडकतात. डब्ल्यूडीएम-2 नावाचं एक इंजिन कधीच नव्हतं. 1962 साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ती पहिल्यांदा आली, 1964 पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनायला लागली, आणि पुढच्या तीन-साडेतीन दशकांत अडीच हजारांहून जास्त बनली. सोळा सिलिंडरचं, 2600 अश्वशक्तीचं इंजिन. मेल ओढायचं, माल ओढायचं, सगळं ओढायचं. पण पहिल्या वर्षांतलं आणि शेवटच्या वर्षांतलं शेजारी उभं केलं तर ती भावंडं वाटतील, जुळी वाटणार नाहीत. मधल्या काळात काहींचा शॉर्ट हूड, म्हणजे कॅबपुढचं आखूड नाक, पूर्ण रुंदीचा करून पुढे मोठ्या काचा दिल्या. त्यांना सगळे 'जंबो' म्हणायचे. शिवाय एकच इंजिन पंधरा वर्षांनी पुन्हा बघा, तेही बदललेलं असतं. दिवा बदलतो, ब्रेकचे पाईप बदलतात, टपावर नवं काही चढतं. परळच्या कारखान्यात पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने होणारी पूर्ण दुरुस्ती, होऊन आलं की आमचेच लोक पहिल्यांदा त्याचा नंबर वाचून खात्री करायचे.

म्हणून मॉडेल बरोबर आहे की चूक, हे ठरवण्याआधी ते कोणत्या दिवसाचं आहे हे ठरलं पाहिजे.

या मुलाच्या इंजिनाला पुढे जोड दिवा होता, म्हणजे दोन भिंगांचा. जुन्या इंजिनांना एकच मोठा गोल दिवा असायचा, जोड दिवे नंतर आले. कॅबच्या टपावर पिवळा फ्लॅशर होता, तोही नंतरचाच. इथवर ठीक. पण बफर बीमवर, म्हणजे बफर बसवलेल्या पुढच्या आडव्या तुळईवर बघितलं तर नुसता व्हॅक्यूमचा होस. एअर ब्रेकचे पाईपच नाहीत. नंबरावरून पाहिलं तर इंजिन सुरुवातीच्या काळातलं निघत होतं. तीन वेगवेगळ्या काळांतले तुकडे एका अंगावर. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी अचूक होता, त्याने तो फोटोवरूनच घेतला होता. फोटो मात्र तीन इंजिनांचे होते.

ब्रेकच्या पाइपांवर मी एवढा अडून का बसतो, ते सांगतो. व्हॅक्यूम ब्रेक म्हणजे गाडीच्या नळीतली हवा ओढून काढायची आणि थांबायचं तेव्हा आत सोडायची. एअर ब्रेक म्हणजे नळीत दाबाने हवा भरून ठेवायची आणि थांबायचं तेव्हा ती कमी करायची. दोन्हींचा स्वभाव उलटा. आमच्या इंजिनांवर एक्सप्रेसर नावाचं यंत्र असायचं, ते एका अंगाने हवा दाबायचं आणि दुसऱ्या अंगाने ओढायचं. एकेक करून मालगाड्या, मग प्रवासी गाड्या एअर ब्रेकवर गेल्या, तशी आमची इंजिनं दोन्ही ब्रेक सांभाळणारी झाली. त्या काळात बफर बीमवर होसची गर्दी असायची. मॉडेलच्या तोंडावरचे ते चार काळे दोरे बघून मला कळतं, या इंजिनामागे कोणते डबे लागत होते. ते चुकलं तर त्याच्यामागे कोणतीच गाडी खरी वाटत नाही.

त्यानंतर मी कॅलिपर हातात घेतला. एचओ स्केल, म्हणजे सत्याऐंशीपट लहान. बफरपासून बफरपर्यंत खरं इंजिन 17.12 मीटर, म्हणजे मॉडेल साधारण 197 मिलिमीटर यायला हवं. आलं. जेमतेम वीतभर. नवं चाक 1092 मिलिमीटरचं असतं, ते इथे साडेबारा यायला हवं. तेही आलं. चाकाच्या बाबतीत मी फार ताणत नाही, कारण चाक झिजतं आणि झिजलं की आम्ही ते खरडून पुन्हा घडवायचो. 1016 पर्यंत झिजेस्तोवर ते चालवलं जायचं. मॉडेलवर हा फरक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे बारा मिलिमीटरचं चाक लावलं तरी कुणी चूक म्हणू नये. बफरची उंची मात्र बघतोच. रुळापासून 1105 मिलिमीटरच्या वर नको आणि 1030 च्या खाली नको, हा नियम आमच्या हाडात बसलेला. मॉडेलवर पावणेतेरापासून बाराच्या जरा खालपर्यंत. त्याची बफर साडेतेरावर होती. इंजिन टाचा उचलून उभं राहिल्यासारखं दिसत होतं, आणि ते का दिसतंय हे त्याला स्वतःला कळलेलं नव्हतं.

मग बोगी, म्हणजे इंजिनाखालची चाकांची चौकट, बघितली आणि मी बराच वेळ गप्प बसलो.

डब्ल्यूडीएम-2 च्या बोगीला ट्रायमाउंट म्हणतात. इंजिनाचं वजन ती तीन ठिकाणी पेलते, मधल्या पिव्हटवर सगळ्यात जास्त आणि दोन बाजूंच्या टेकूंवर उरलेलं. एका बोगीला तीन अॅक्सल, प्रत्येक अॅक्सलला आपली ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाक फिरवणारी मोटर. तीन अॅक्सलच्या मध्ये गाळे दोनच, आणि मोटारी तीन. मग एका गाळ्यात दोन मोटारी बसतात, दुसऱ्यात एक. म्हणून मधलं चाक बरोबर मध्ये नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. खाली झोपून काम करताना हे डोळ्याला नाही, खांद्याला कळायचं. एका गाळ्यात अंग वळवता यायचं, दुसऱ्यात पाना फिरवायलासुद्धा जागा पुरायची नाही.

मुलाच्या मॉडेलमध्ये तिन्ही चाकं समान अंतरावर होती. कारण उघड होतं. मोटर आणि गिअरसकट तयार चेसिस बाहेरून घेतली होती, ती दुसऱ्याच कुठल्या परदेशी इंजिनाची. वरचा सांगाडा त्याने जीव ओतून केला होता. हूडच्या प्रत्येक दाराची बिजागरी आहे, खिट्टी आहे, रेडिएटरच्या पट्ट्या मोजून घ्याव्या इतक्या नीट आहेत. आणि हे सगळं उभं होतं परक्या पायांवर.

मी फोनवर सांगितलं, "दोन खिट्ट्या कमी असत्या तर मी बोललो नसतो. बोगी बदल."

तो म्हणाला, "काका, ती बदलायची तर सगळा खर्च दुप्पट होतो. आणि किती जणांच्या लक्षात येणार?"

प्रश्न खरा होता. मी उत्तर लगेच दिलं नाही. दोन दिवस इंजिन टेबलावर ठेवलं, येता-जाता बघितलं. शेजारचा नववीतला मुलगा आला, त्याने डिझेल इंजिन फक्त जालना स्टेशनवर लांबून पाहिलेलं. त्याला मॉडेल दाखवलं आणि मोबाइलवर खऱ्या इंजिनाचा बाजूने घेतलेला फोटो दाखवला. त्याला अॅक्सल, मोटर काही ठाऊक नाही. बघून म्हणाला, "हे खालून वेगळं वाटतंय." काय वेगळं ते त्याला सांगता आलं नाही. पण वाटलं, एवढं पुरे होतं. मी मॉडेल करणाऱ्या मुलाला कळवलं की लक्षात येतं.

आता जी चूक मी माफ करतो तीही सांगायला हवी. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. सत्याऐंशीने भागली तर एकोणीस मिलिमीटरच्या वर जाते. पण एचओचा तयार रूळ जगभर साडेसोळा मिलिमीटरचा मिळतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून ठरलेला. म्हणजे आपलं इंजिन त्या रुळावर ठेवलं की चाकं दोन्ही मिळून पावणेतीन मिलिमीटर आत जातात, खऱ्या मापात जवळजवळ पाऊण फूट. यात करणाऱ्याचा दोष नाही. रूळ, काटे, सगळं स्वतः घडवायचं ठरवलं तरच ते टळतं, आणि ते एका माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. फक्त मी एवढं सांगतो की बोगीच्या बाजूच्या फ्रेम आत ओढू नका, त्या खऱ्या रुंदीवर ठेवा. चाक आत गेलं तर खालून दिसेल. फ्रेम आत गेली तर समोरून इंजिन बारीक पायांचं दिसतं.

हँडरेलचं पण सांगतो. खरा हँडरेल मुठीत मावतो, पावसात हात घसरू नये म्हणून घट्ट धरता येतो. मॉडेलवर तो 0.4 मिलिमीटरच्या तारेचा हवा. या मुलाने 0.8 ची तार लावली होती, तुटू नये म्हणून. गुणून बघा, सत्तर मिलिमीटर होतात. शेतातला अडीच इंची पाईप कॅबच्या दाराशी उभा केल्यासारखं. तसला पाईप धरून कुठला ड्रायव्हर वर चढेल?

आणि अक्षरं. कॅबच्या बाजूला 'मध्य रेल' लिहिलेलं होतं, पण कॉम्प्युटरवर छापताना 'ध्य' फुटला होता. अर्ध्या 'ध'ऐवजी पूर्ण 'ध', खाली हलन्त आणि पुढे सुटा 'य'. भिंगाशिवाय दिसत नव्हतं. शेडमधला पेंटर हे अक्षर पत्र्यावर एका दमात काढायचा, शिरोरेषा ओढायला शेवटी एकच फटकारा. फुटलेला 'ध्य' मला बोगीखालोखाल लागला. आपलं इंजिन आपल्या लिपीत आपलं नाव चुकीचं सांगतं, हे चालणार नाही.

रंगाबद्दल मी वाद घालत नाही. रंग दर पीओएचला थोडा बदलायचा, उन्हाने उडायचा, धुराने काळवंडायचा. पण बोगी नव्याकोऱ्या काळ्या रंगाची नको. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकाला घासतात, त्यांची भुकटी उडते, ती गंजते आणि सगळी बोगी तपकिरी होते. कामावर असलेल्या इंजिनाची बोगी काळी राहूच शकत नाही. आणि कॅबच्या दाराजवळ, हात पडतो तिथे, रंग घासून पत्रा चमकतो. तेवढी एक चकाकी ठेवली तर त्या इंजिनावर माणसं काम करत होती असं वाटतं.

तपासायची माझी रीत साधी आहे. मॉडेल वरून बघायचं नाही. आपण खरं इंजिन वरून कधी बघत नाही, फलाटावरून किंवा रुळाशेजारून बघतो. म्हणून मी ते ओसरीच्या कठड्यावर ठेवतो, खाली बसतो आणि डोळा बफरच्या उंचीला आणतो. दिवा एका बाजूने मारतो, म्हणजे सावलीत उंचसखल कळतं. ही रीत मला पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल संग्रहालयात सुचली. ते 1998 साली सुरू झालं, मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिथल्या गाड्या पुष्कळशा युरोपी धाटणीच्या. मुलगी लहान, तिचा डोळा बरोबर रुळाच्या पातळीला. ती म्हणाली गाडी खरी आहे. मी उभा होतो, मला खेळणं दिसत होतं. मग मीही गुडघ्यावर बसलो.

दोन महिन्यांनी दुसरा नमुना आला. त्याने बोगी नव्याने ओतून घेतली होती, मधलं चाक सरकलेलं. बफर खाली आली, 'ध्य' जुळला, तार बारीक झाली. सोबत कागद होता, त्यावर इंजिनाचा नंबर, शेड पुणे, साल 1996. होस दोन्ही ब्रेकचे. फ्लॅशर त्याने काढून टाकला होता, कारण त्या नंबराच्या त्या सालच्या फोटोत तो सापडला नाही. तो काढला हे मला सगळ्यात आवडलं. मी मॉडेल पास केलं.

डब्ल्यूडीएम-2 आता रुळावर जवळपास दिसत नाहीत. बहुतेक भंगारात गेली, थोडी संग्रहालयांत आणि स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभी आहेत, आणि चौथऱ्यावरच्यांचे पाईप, होस, दिवे पुष्कळदा काढून घेतलेले असतात. त्यांच्यावरून माप घेता येतं, साल घेता येत नाही. ते फक्त जुन्या फोटोंत उरलंय. तुमच्या घरी कुणाच्या अल्बममध्ये डिझेल इंजिनासमोर उभं राहून काढलेला फोटो असेल, मामांचा, काकांचा, सहलीचा, तर तो फेकू नका. मागे पेन्सिलीने स्टेशनचं नाव आणि साल लिहून ठेवा. इंजिनाचा नंबर दिसत असेल तर तोही लिहा. आणि फोटोत बोगी आली असेल, तर मला पाचोडला एकदा दाखवा.