दशक सुटा करताना

सुट्टी लागल्याचं सगळ्यात आधी माझ्या घशाला कळतं. पहिल्या सकाळी सासूबाईंनी चहाचं विचारलं आणि उत्तर द्यायला गेले तर आवाजच फुटेना. तिसरी-चौथी एकाच खोलीत, पलीकडे पहिलीची बाराखडी, व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्याची खडखड. या सगळ्यावर पाच महिने ओरडून झालेलं. "झोप गं अजून. घंटा नाही व्हायची आज," असं म्हणून त्यांनी ओट्यावरचा गॅस स्वतःच पेटवला.

आम्हा जिल्हा परिषदवाल्यांची थंडीतली सुट्टी म्हणजे दिवाळीची. नाताळ आमच्याकडे एका दिवसात आटोपतो. पहिलं सत्र संपलेलं, दुसरं उघडायचं, त्यामधला हा पंधरवडा. "मजा आहे बुवा मास्तर लोकांची" हे वाक्य याच दिवसांत ऐकू येतं, बहुतेक भाजीच्या गाड्यावर. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा 45 तासांचा धरलाय आणि त्यात तयारीचे तासही मोजलेत, हे मेथीची जुडी हातात धरून कुणाला सांगणार? आणि मोबाइलवर "अतितातडीचे, आजच माहिती भरावी" असा निरोप येतो तो लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी. यंदा मी तो दुसऱ्या दिवशी वाचला. काही बिघडलं नाही.

पहिले चार दिवस मी शाळेच्या पिशवीला हात लावत नाही, हा माझा नेम. आधी मी दुपारभर टाचण काढत बसायची, म्हणजे सुट्टीही शाळेतच जायची. आता चकल्या मोडल्या तरी हसते, दिवाळी अंक उलटा पोटावर ठेवून झोपते, मुलानं अंगणात केलेल्या किल्ल्यावर अळीव उगवले का ते बघते. कुणी "बाई, हा मारतोय" म्हणत नाही. त्या शांततेची सवय व्हायलाही दोन दिवस लागतात.

पाचव्या दिवशी पिशवी उन्हात उपडी केली. खडूचे तुकडे, बिनटोपणाचा लाल पेन, श्रावणात जप्त केलेला एक भोवरा आणि टाचणवही. वहीत शेवटच्या पानावर मीच उतरवून ठेवलेलं एक गणित होतं. बावन्न वजा सतरा, उत्तर पंचेचाळीस. लाल फुली मारून मी मोकळी झाले होते. आता उन्हात बसून पाहिलं तर पोरानं किती सरळ विचार केला होता! सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान वजा होतं, हे मीच शिकवलेलं. दशक सुटा करायचा तास मात्र कसल्याशा बैठकीच्या घाईत मी फळ्यावरच उरकला होता. हातचा घ्या, म्हणाले होते. कुणाच्या हातचा?

मग नवा खराटा सोडला. सासूबाई काड्या सारख्या मापाच्या तोडायला बसल्या, मी दहा-दहा मोजून रबर लावत गेले. तयारी म्हणजे एवढंच होतं, पण ते सप्टेंबरात सुचलं नव्हतं. दमलेल्या डोक्याला चूक दिसते, चुकीमागचं पोर दिसत नाही. दुपारपर्यंत वीस गठ्ठे झाले. "एवढं केलंस, पण तो पोरगा कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्या काडी मोडता मोडता थांबल्या.

आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात, आणि कोयत्यामागे पोरं जातात. मागं घरी आजी असेल तर मूल गावातच राहतं, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतं. याची आजी आखाडात गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावात गेले. ट्रॉली भरत आली होती. बाजरीचं पोतं, पत्रे, चूल, पाय बांधलेली कोंबडी, आणि गोधड्यांच्या ढिगावर तो. त्याला भोवरा दिला. लाजला. मग पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. "यातून सतरा काढून दे मला," म्हटलं.

त्यानं आधी दोन काड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाली मुकादम वडिलांवर खेकसत होता. पोरानं एका गठ्ठ्याचं रबर हळूच ओढून मनगटात घातलं, काड्या मांडीवर पसरल्या आणि बोट लावून मोजायला लागला. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्यानं मान वर केली.

"बाई, सुट्या बारा झाल्या!"