तंजावरचे चार दिवस

मराठी मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तंजावरची ओढ काही निराळीच असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथली मराठी राज्ये अठराव्या शतकात उभी राहिली; व्यंकोजीराजे मात्र १६७५ च्या सुमारासच कावेरीच्या काठी गादी स्थापून बसले होते. तेव्हा थोरल्या भावंडाच्या घरी जावे, तशा भावनेने आम्ही उभयता इंदुराहून निघालो.

पूर्वी दक्षिणेच्या प्रवासास निघायचे म्हणजे ओळखीची चिठ्ठी आणि तमिळ जाणणारा सोबती हवा. आता खिशातल्या मोबाईलने दोन्ही गरजा संपविल्या आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा ते एवढे घरगुती होईल असे कोणास वाटले होते? स्टेशनाबाहेर पाटी दिसली की मोबाईल तिच्यासमोर धरावा, तमिळ अक्षरे बदलून मराठी उमटतात. कधी कधी ते मराठी वाचून हसू आवरत नाही, ही गोष्ट वेगळी. देवळापाशी गजरे विकणाऱ्या बाईंच्या टोपलीलाही पैसे घेण्याचा चौकोनी ठसा चिकटविलेला. आमच्या सौभाग्यवतींनी गजरा घेतला, पैसे पोहोचले, आणि दोघींत एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही! चार दिवसांत ‘तण्णी’ म्हणजे पाणी, एवढेच तमिळ आम्ही शिकलो. गरजच पडली नाही. सोय झाली खरी, पण आमचे वडील रामेश्वरास जाऊन आले होते ते पन्नास शब्द घेऊन.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वराचे देऊळ पाहावे तेवढे थोडेच. आमची पावले मात्र प्राकाराच्या भिंतीकडे वळली. तेथे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरविला आहे. तमिळ देशातल्या दगडावर आपली अक्षरे पाहून अंगावर रोमांच उभे राहतात. याची छायाचित्रे इंटरनेटवर घरबसल्या दिसतात. पण उन्हात मान उंच करून एकेक ओळ लावण्यातले सुख त्यांत नाही.

हे सरफोजीराजे मोठे जिज्ञासू. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच वाढविले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या आपल्या मराठी नाटकात त्यांनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल वदविला. सगळे जग घरात आणण्याची हौस आजचीच नव्हे!

त्याच मोबाईलचा दुसरा गुणही येथे दिसला. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी तंजावरच्या शाहजीराजांच्या मुदपाकखान्यात जन्मला, ही कथा आमच्या कुटुंबमंडळात आठ जणांनी पाठविली होती. कोकम संपले, चिंच घातली, वगैरे सारा तपशील त्यात आहे. समकालीन कागदाचा आधार तेवढा नाही. खाणावळीच्या मालकांनी मात्र ती इंग्रजीत छापून भिंतीवर लावली आहे. गोड कथेला पाय फुटतात, हे खरेच. आता पंख फुटले आहेत.

शेवटच्या दिवशी एका तंजावरी मराठी गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. वय ऐंशीच्या पुढे, घरातली मराठी जुनी, तमिळ वळणाची, कानाला फार गोड. मराठी वर्तमानपत्र गावात मिळत नसे. आता ते रोज सकाळी मोबाईलवर वाचतात आणि पत्नीला मोठ्याने ऐकवितात. परदेशी असलेला नातू रविवारी पडद्यावर दिसतो. आजोबा मराठीत विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो, आजी तमिळमध्ये दोघांची समजूत घालतात.

त्यांच्या देवघरात मोडी लिपीतला एक कागद तीन पिढ्या जपलेला. राजाने पणजोबांना दिलेली ती सनद, अशी घराची श्रद्धा; वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. नातवाने त्याचे छायाचित्र पुण्यातल्या एका मोडी जाणकारांकडे पाठविले. दोन दिवसांत वाचन आले. ती सनद नव्हती. पणजोबांनी भातासाठी काढलेल्या कर्जाचा रोखा होता.

“फिटले की नाही, ते काही लिहिलेले नाही,” आजोबा हसत म्हणाले. आजींनी तो कागद पुन्हा रेशमी फडक्यात गुंडाळला आणि होता तेथेच, देवांच्या मागे ठेवला.