फाईलमध्ये नसलेली पाच वर्षं

आमचा मुलगा घरी आला तेव्हा पाच वर्षांचा होता. तान्हं बाळ का नाही घेतलं, असं लोक अजून विचारतात. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 90 च्या वर गेली की चार वर्षांखालचं मूल दत्तक मिळत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती 100 पर्यंत चालते. आम्ही त्यात बसलो. 'कारा'च्या, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव घातलं, घराची पाहणी झाली, आणि बरीच वाट बघितल्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात आला. 2022 च्या सप्टेंबरपासून हा आदेश न्यायालयाऐवजी तेच देतात.

सुरुवातीला तो पाहुण्यासारखा गुणी वागला. मग एकेक बाहेर यायला लागलं. उशीखाली भाकऱ्या, खिशात भात. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं. शाळेत पोरांना चावायचा. रागावला की हाताला लागेल ते फेकायचा, एकदा कोयता उचलला. घरातलं हे सगळं माझ्यासमोर. बाप घरात आला की गप्प. त्यामुळे "तूच त्याच्या मागे लागतेस" हे मला ऐकावं लागे.

आमच्या बाजारकुणंगसारख्या गावात काही झाकून राहत नाही. पावसात वीज गेली की तो अंधाराला भिऊन किंचाळायचा, चार घरं ऐकायची. "वैनी, रक्त कुणाचं कोण जाणे," असं तोंडावर म्हणणारे भेटले. देवाला कौल लावून झाला. शाळेतून सल्ला आला, हॉस्टेलात ठेवा. संस्थेतून नुकत्याच सुटलेल्या पोराला हॉस्टेल! दोन फटके द्या म्हणणारेही होते. त्यांनी त्याच्या पाठीवरचे जुने वळ पाहिले नव्हते.

तालुक्यात मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ मिळेना, म्हणून धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत नेलं. अख्खा दिवस बसमध्येच जातो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ज्याची माणसं पुन्हापुन्हा बदलली ते मूल नव्या आईलाच जास्त छळतं, कारण तीही सोडून जाणार हे त्याने धरून ठेवलेलं असतं. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 मुलांचा अभ्यास झाला, त्यात वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं जास्त सावरली. आमचा पाचव्या वर्षी आला, म्हणजे वेळ लागणारच.

उपाय अगदी साधे निघाले. त्याच्या हाताला लागेल असा खाऊचा डबा ठेवला, कधीही उघड, कुणी विचारणार नाही. हळूहळू उशीखालचं थांबलं. रात्री उशाशी बॅटरी. जेवण, आंघोळ, झोप ठरल्या वेळी. आणि मारायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. सासूबाईंना ते सर्वांत जड गेलं.

आता तो आठ वर्षांचा आहे. चावणं गेलं. खोटं बोलणं आहे, पैसेही कधी कधी जातात. ताप आला की मात्र मलाच हाक मारतो.

मोठं मूल घेणाऱ्यांना एवढंच सांगते. मुलाच्या अहवालात तीन-चार ओळी असतील तर सही करण्याआधी विचारा: किती संस्था बदलल्या, कुणी सांभाळलं, मार होता का. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी अधिकारी चौकशीला येतात. मूल काढून घेतील या भीतीने बहुतेक जण "छान चाललंय" म्हणतात. आम्हीही भीतभीतच खरं सांगितलं, कुणी काढून नेलं नाही. तुम्हीही खरं सांगा. आणि रात्री हात उगारायची वेळ आली तर रेंज मिळेल तिथून 14416 या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. तो फुकट आहे.