दोन माइक, दोन बहिणी

आई आणि मावशी यंदा उन्हाळ्यात न्यू जर्सीला आल्या, तेव्हाच ठरवलं होतं: दोघींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्याच. एकसारखे दोन यूएसबी माइक आणले. कॉम्प्युटरवर दोघांचं नाव एकच! नखाने टकटक करून कोणता कुणाचा ते ओळखलं. प्रोग्रॅम एका वेळी एकच माइक घेई, म्हणून मॅकच्या ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दोघांचं मिळून एक ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ केलं.

पहिल्या ओव्या झकास. अर्ध्या तासाने मात्र आवाज घुमायला, मध्येच तडतडायला लागला. दोन्ही माइक सेकंदाला ४८,००० नमुने घेतात, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. केसाएवढा फरक साठत जातो.

‘‘आमच्या दोघींसारखंच की रे,’’ मावशी म्हणाली.

दुसऱ्या माइकपुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करायची राहिली होती.

परतीच्या विमानाला दोनच दिवस उरले होते. आईचा घसा बसलेला, तरी दोघी पुन्हा सगळं गायल्या. चाळिसाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली आणि मी वैतागलो. रात्री पाहिलं, तर दोन्ही ट्रॅकवर ती शिट्टी नेमकी एकाच जागी होती.